कंट्रोलचं मलम

“अन् मले काऊन टेस्टचं?” ताराबाईंनी विचारलं.

प्राध्यापक सुधाकररावांचा डबी धरलेला हात हवेतच राहिला. मे महिन्याचं ऊन शाळेच्या व्हरांड्यात निम्म्यापर्यंत घुसलं होतं आणि उरलेल्या निम्म्यात गावातली गजकर्ण झालेली मंडळी दाटीवाटीनं बसून आपापलं खाजवत होती. कुणाच्या मानेवर, कुणाच्या कमरेवर, आणि कुणाच्या अशा ठिकाणी की सरांना विचारता येत नव्हतं आणि त्यांना सांगता येत नव्हतं. गुडीहत्नूरच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या या गावात एवढी माणसं एरवी फक्त मतदानाला एकत्र यायची.

“म्हणजे?” सर म्हणाले.

“डबीवर काय लिहेल हाये? वाचा तुमीच.”

“टेस्ट.”

“अन् गयाबाईच्या?”

“कंट्रोल.”

“आयका!” ताराबाई बसलेल्या मंडळींकडे वळल्या. त्या याच शाळेत पोरांचा दुपारचा सैपाक करत. पातेल्यापासून शेवटच्या पंगतीपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय होती. “गयाबाईले पान्याचं वावर, हायवेवर भाजीचं दुकान, तिले कंट्रोलचं. अन् मी गरिबाच्या पांढऱ्या कार्डावाली, मले टेस्टचं! आंगाले लावाच्या मलमाले टेस्ट कायले पायजे वो? मी काय भाकरीसंगं खाऊ?”

सगळा व्हरांडा खाजवायचा थांबून हसला.

आदिलाबाद जिल्ह्यात कंट्रोल हा शब्द इंग्रजी आहे असं कुणी सांगितलं तर लोक त्याच्याकडे संशयानं बघतील. रेशनचं दुकान म्हणजे कंट्रोल. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचं कार्ड. तेलुगू बोलणारा शेजारीही कंट्रोल बियमच म्हणतो. पूर्वी तो तांदूळ असा यायचा की निवडायला बसलेली बाई दुपारपर्यंत सुपावरून उठत नसे. पण अलीकडे कंट्रोलात बारीक तांदूळ, सन्न बियम, मिळायला लागला होता आणि त्या शब्दाची अब्रू एकदम वाढली होती. टेस्ट म्हणजे काय हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल. वरणात मीठ कमी पडलं की टेस्ट जाते.

सरांच्या विज्ञानात या दोन शब्दांचे अर्थ जरा निराळे होते. टेस्टच्या डब्यांत तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बियांचा अर्क घातलेलं मलम होतं. कंट्रोलच्या डब्यांत नुसतं मलम होतं. रंग तोच, वास तोच. औषध लावलेली माणसं औषधानं बरी झाली की आपोआप, हे ठरवायला काही माणसं बिनऔषधाची ठेवावी लागतात. कुणाला काय मिळालं हे पेशंटला कळता कामा नये, असा एक नियम आहे आणि त्याला ब्लाइंड म्हणतात. सरांनी तो काटेकोर पाळला होता. आपलाच गोंधळ होऊ नये म्हणून झाकणांवर काय ते ठळक लिहून ठेवलं होतं, एवढंच.

चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या होत्या. त्यात ताराबाईंना टेस्ट निघालं, गयाबाईंना कंट्रोल.

सरांची विद्यार्थिनी अर्पिता डब्यांचं खोकं घेऊन मागे उभी होती. ती पुढे आली. “मावशी, तसं नाही. कंट्रोल म्हणजे इथं...”

“अर्पिता,” सर म्हणाले. “ब्लाइंड.”

अर्पिता मागे सरकली.

सरांनी गयाबाईंकडे पाहिलं. गयाबाईंच्या कमरेभोवती, परकराच्या नाडीच्या रेषेवर, गजकर्णाची साखळी होती. आणि त्यांच्या दुकानातून दर आठवड्याला सरांच्या घरी वांगी-मेथीची एक पिशवी जात असे. ज्या बाईची मेथी आपण खातो तिलाच महिना-दीड महिना नुसतं मलम चोळायला लावायचं, हे सरांना सकाळपासून टोचत होतं. सर मनाचे वाईट नव्हते. आणि आता उपाय स्वतःच्या पायांनी चालत आला होता, वर भांडत होता.

“तुमचा एवढा आग्रहच असेल ताराबाई, तर घ्या तुम्ही कंट्रोल,” सर म्हणाले. “गयाबाई, तुमची काही हरकत?”

“मले काई बी द्या,” गयाबाई म्हणाल्या. “तारीले लहानपनापासून दुसऱ्याच्याच हातातलं गोड लागते.”

डब्या बदलल्या. ताराबाईंनी आपली डबी कपाळाला लावली आणि पदराच्या टोकात बांधून टाकली. भांडून बिनऔषधाची डबी मिळवणारी माणसं विज्ञानाला क्वचितच लाभतात. सरांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं.

ताराबाईंचा रोग उजव्या हातावर होता. मनगटाच्या वर, गोंदणाला लागून. लालसर गोल, कडेला बारीक पुरळ, मधे कोंडा. एका गोलाला दुसरा गोल चिकटलेला.

गोंदण जुनं होतं. ताराबाईंचे वडील देवाजी दुसऱ्याच्या वावरात सालगडी होते. त्यांना देवाजी कुणी म्हणत नसे, देवाज्या म्हणत. जत्रेत गोंदणारीनं पोरीचा हात धरून विचारलं, ‘तारा’ लिहू का? देवाजी म्हणाले, “ताराबाई लिव. आता कोनाले खोडता येनार नाई.” परकरातल्या त्या पोरीच्या हातावर तेव्हा ते नाव मनगटापासून पार कोपराकडे गेलं होतं. पुढे हात वाढला आणि नाव मापात बसलं.

शाळेतला सैपाक त्यांना मिळाला तेव्हा गावातली बरीच पोरं घरून डबा आणायला लागली होती. कारण कुणी सांगत नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलणं कायद्यात बसत नव्हतं. म्हणून पोरांची पोटं नाजूक आहेत असं पालक सांगत. बुद्धविहाराकडल्या आळीतली पोटं तेवढी नाजूक नव्हती. ताराबाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्या फोडणी फक्त वर्ग शांत असताना द्यायच्या. लसणाचा वास खिडकीतून आत जायचा आणि पाढे म्हणता म्हणता पोरं चुकायची. अशा रीतीनं गावातली नाजूक पोटं हळूहळू बरी झाली आणि डबे बंद झाले. ताराबाईंच्या आयुष्यातली ही एकुलती एक लढाई, आणि ती त्यांनी मोहरी-लसणावर जिंकली होती.

मग हा हात. दिवसभर पाण्यात, उरलेला वेळ जाळाशी. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली. रोग आठवडाभर गावाला गेला आणि येताना नातेवाईक घेऊन आला.

सुट्टी लागायच्या आधी मुख्याध्यापक चंपतरावांनी त्यांना ऑफिसात बोलावलं होतं.

“मला व्यक्तिशः काही नाही, ताराबाई,” चंपतराव म्हणाले होते. “पण पालकांची तक्रार आहे. इन्फेक्शन आहे म्हणतात. पोरांच्या जेवणाचा मामला आहे. शाळा उघडेपर्यंत हात साफ झाला, तर पळी तुमची. नाही झाला, तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“माह्या तं हातातच हाये ना,” ताराबाई म्हणाल्या होत्या. चंपतराव हसले नाहीत. गावाला इतक्या वर्षांनी एक चारचौघांत बोलता येईल असं कारण सापडलं होतं, आणि तेही विज्ञानाचं.

म्हणून सुधाकरराव गावात आले तेव्हा ताराबाई सगळ्यांच्या आधी व्हरांड्यात जाऊन बसल्या. अर्पितानं बोथट पात्यानं त्यांच्या हातावरचा कोंडा खरवडून कागदात घेतला. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत पेरला गेला. पुढच्या खेपेला सर गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, “ताराबाई, तुमची बुरशी फार सुंदर आली हो! सगळ्या गावात नंबर एक.”

“काय खाऊ घालता तिले?” ताराबाईंनी सैपाकिणीच्या कुतूहलानं विचारलं.

“बटाट्याचा रस अन् साखर.”

“अगो बाई! आमच्या पोरायच्या रश्श्यात बटाटा शोधा लागते, अन् इले साखर टाकून.”

तरोटा त्यांच्याच घरामागे माजलेला असे. पावसाळ्यात त्या त्याची कोवळी पानं भाजीला खुडत. त्यांची आई कुणाला खाज सुटली की त्याचंच बी आंबट ताकात वाटून लावायची. सरांनी बी मागितलं तेव्हा ताराबाईंनी वाळलेल्या शेंगा बडवल्या, पाखडल्या आणि चांगलं पिशवीभर बी सरांच्या गाडीत ठेवलं. त्याच बियांचा अर्क टेस्टच्या डब्यांत गेला होता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ब्लाइंड.

डब्या वाटल्यावर सरांनी सगळ्यांकडून वचन घेतलं. दुसरं औषध नाही, तेल नाही, पाला नाही, गोळी नाही. आपल्या डबीतलं सोडून काही लावायचं नाही, नाही तर प्रयोग बिघडेल. बाकीच्यांनी बसल्या जागी माना हलवल्या. ताराबाई विहारात पंचशील घेताना उभ्या राहतात तशा हात जोडून उभ्या राहिल्या.

आणि त्या वचनाला जागल्या. सकाळी हात धुऊन, कोरडा करून, डबीतलं बोटभर मलम कडेपासून मधे. सरांनी दाखवलं होतं अगदी तसं. संध्याकाळी पुन्हा. झाकणावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण रोज बघून बघून ओळखीची झाली होती. पहिलं अक्षर अर्ध्या बांगडीसारखं, शेवटचं काठीसारखं उभं.

गयाबाईंची डबी मेथीच्या पाटीखाली, नाही तर कमरेच्या पिशवीत पडलेली असायची. आठवलं तर लावायच्या.

“तारे, हे पाय,” एका सकाळी नळावर गयाबाईंनी कमरेवरचा पदर बाजूला केला. “नाडीचा वळ राह्यला फक्त. बाकी सफाचट. तुयं दाखव.”

ताराबाईंनी हात घागरीमागे नेला. “येऊन राह्यला गुन.”

“कुटून येऊन राह्यला? पैदल निंघाला का?”

“कंट्रोलचं हाये ते. कंट्रोलचा माल उशिराच येते. पन येते.”

“अवो, पन तांदूळ अन् मलम एक असते का?” गयाबाईंनी कमरेची पिशवी चाचपली आणि आपली डबी काढली. “घे याच्यातलं. मले आता कायले पायजे? कोनाले सांगू नको.”

गयाबाईंनी झाकण उघडलं. मलम अर्ध्याच्या वर शिल्लक होतं. गयाबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात मोकळा होता. ताराबाईंचं बोट डबीच्या काठापर्यंत गेलं. हात बोटांपर्यंत खाजत होता. नळाचं गार पाणी पडलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि मग दुप्पट.

“नाई,” त्या म्हणाल्या. “सरले शब्द देल्ला मी.”

“सर काय पाहाले येते?”

“सर नाई पाहात म्हनून काय झालं?”

गयाबाईंनी झाकण लावलं. “तुई मर्जी. पन सांगून ठेवते, हेडमास्तर माह्या दुकानावर आले व्हते. सैपाकाचं पाह्यता का म्हने, तात्पुरतं.”

“मंग?”

“मंग काय! मी म्हनलं, तारीचा हात बरा होऊन राह्यला.” गयाबाईंनी घागर डोक्यावर घेतली. “मी तं म्हनलं. आता हातानं बी म्हनाले पायजे.”

अर्पिता दर आठवड्याला फोटो काढायला यायची. व्हरांड्यात निळं कापड अंथरून त्यावर हात ठेवायचा. चेहरा घ्यायचा नाही, असाही एक नियम होता. प्रत्येक खेपेला कापडावरचा चट्टा थोडा मोठा यायचा. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले तेव्हा तो बोटांच्या पेरांवर उतरला होता.

“बेटा, कमी दिसून राह्यला ना?” ताराबाईंनी विचारलं.

अर्पितानं सरांकडे पाहिलं. सर कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत होते. अर्पिताचा सगळा प्रबंध या हातांवर उभा होता. एक हात बरा झाला असता तर एक पान कमी झालं असतं. तिनं तोंड उघडलं.

“हात सरळ धरा, मावशी,” ती म्हणाली.

“वा!” सर म्हणाले. “ताराबाई, तुमच्यासारखी पेशंट मिळत नाही. बाकीचे कधी लावतात, कधी विसरतात. तुमची एक वेळ चुकत नाही. कंट्रोल असावं तर असं!”

ताराबाईंचा चेहरा उजळला. “सर, डबी सरत आली. मी आता तीनदा लावून राह्यली. शाळा उघडाच्या आत व्हाले पायजे बापा.”

“घ्या की,” सर म्हणाले आणि एक मागितली तर दोन दिल्या. नुसत्या मलमाला काही तोटा नव्हता.

शाळा उघडली त्या दिवशी गेटला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. ताराबाई कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून सगळ्यांच्या आधी आल्या. कमरेला सैपाकखोलीची चावी होती. चंपतराव दारातच उभे होते.

“हात?” ते म्हणाले.

ताराबाईंनी डावा हात पुढे केला.

“ताराबाई.”

त्यांनी उजवा पुढे केला. चंपतरावांनी खिशातलं पेन काढून, लांबूनच, त्या पेनानं बोटांकडे, मग मनगटाकडे, मग कोपराकडे निर्देश केला. नकाशातल्या नद्या दाखवाव्यात तसा.

“मला व्यक्तिशः...” त्यांनी सुरुवात केली.

“काई नाई. माईत हाये, सर.”

त्यांनी चावी सोडली आणि पुढे धरली. “तिथं ठेवा, कठड्यावर,” चंपतराव म्हणाले. करोनाच्या वेळची बाटली शाळेत अजून शिल्लक होती. आधी त्यांनी चावीवर दोन फवारे मारले, मग चावी उचलली आणि आत हाक दिली, “गयाबाई!”

गयाबाई बाहेर आल्या. त्यांची कमर साफ होती, कागदोपत्री कुठेही खाजत नव्हती. “दोन-चार दिवसाचं हाये, तारे,” त्या म्हणाल्या. ताराबाईंच्या डोळ्यांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

“मोठ्या पातेल्याचं बूड पातळ झालं हाये,” ताराबाई म्हणाल्या. “जाळ बारीक ठेवजो.”

पावसाळा लागला आणि तरोटा पुन्हा हिरवा झाला तेव्हा सरांनी सगळ्यांना कॉलेजात बोलावलं. प्रयोगाचा समारोप होता. बॅनर होता, पाहुणे होते, गुच्छ होते. ताराबाई गावातल्या बाकीच्यांबरोबर ऑटोनं आल्या. ऑटोत त्यांच्या उजव्या बाजूची जागा मोकळी राहिली. एरवी त्या ऑटोत मांडीवर माणसं बसतात.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर काचेच्या ताटल्या मांडल्या होत्या. अर्पिता टेबलामागे उभी होती. ताराबाईंना बघून तिनं ताटल्या उगाच सरळ केल्या.

“कोनाची हाये ही?”

“तुमचीच, मावशी. या दोन्ही तुमच्याच हातावरच्या.”

ताराबाई वाकल्या. एका ताटलीत जेलीला बारीक भोकं पाडली होती आणि प्रत्येक भोकाभोवती स्वच्छ, गोल, काचेसारखी जागा होती. बुरशी त्या जागेच्या काठापर्यंत येऊन थांबली होती. दुसऱ्या ताटलीत कुठेच जागा नव्हती. पांढरी, कापसासारखी, काठापासून काठापर्यंत भरली होती. झाकण उघडलं असतं तर उतू गेली असती.

“याच्यात काय टाकलं?”

“तरोट्याच्या बियांचा अर्क.”

“अन् याच्यात?”

अर्पितानं ताटलीचं झाकण पुसलं. ताराबाईंनी ताटलीच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. अर्धी बांगडी. शेवटी उभी काठी.

“कंट्रोल,” त्या म्हणाल्या. “याच्यात काय टाकलं, बेटा?”

“पाणी,” अर्पिता म्हणाली. “कंट्रोलमध्ये... मावशी, कंट्रोलमध्ये औषध घालतच नसतात.”

“काईच नाई?”

“काहीच नाही.”

ताराबाईंनी ताटलीच्या झाकणावर बोट टेकवलं. मागे माइकवाला हॅलो हॅलो करत होता.

“मस्त वाढली,” त्या म्हणाल्या. “कंट्रोलवर पोसली ना. आमच्यासारखीच.”

समारंभात सरांचं भाषण झालं. सर बोलले छान. “औषधाचा गुण कोण सिद्ध करतं?” त्यांनी सभागृहाला विचारलं. “ज्याला औषध मिळालं तो? नाही! ज्याला ते मिळालं नाही तो!” टाळ्या पडल्या. मग ‘आदर्श सहभागी’ म्हणून ताराबाईंचं नाव पुकारलं. पाहुणे शाल उलगडून पुढे झाले, त्यांची नजर हाताकडे गेली, आणि त्यांनी शाल घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. फोटो त्या खुर्चीसकट निघाला.

“सर,” ताराबाईंनी विचारलं. माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. “माह्या डबीत काय व्हतं?”

“सगळं होतं, ताराबाई,” सर प्रेमानं म्हणाले. “औषध सोडून.”

सभागृह हसलं. सरांना विनोद करायचा नव्हता, पण हशा आल्यावर त्यांनी तो स्वीकारला.

“मंग आता द्या.”

“आता तर संपलं सगळं. पुढच्या हंगामात बी वाळलं की पुन्हा करू. बी मात्र तुमच्याकडचंच लागेल बरं का! त्यानंच तर गयाबाई खडखडीत झाल्या.” सर माइकपासून थोडे बाजूला झाले आणि हळू आवाजात म्हणाले, “आणि ताराबाई, कंट्रोल तुम्हीच मागून घेतलं होतं.”

“हो,” ताराबाई म्हणाल्या. “भांडून घेतलं.”

त्या खुर्चीवरची शाल न घेता खाली उतरल्या. अर्पितानं ती नंतर पिशवीत घालून ऑटोपर्यंत आणून दिली. शाल चांगली होती.

हात पुढे बरा झाला. त्यात काही कथा नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, ताराबाईंनी त्या मलमाइतक्याच नेमानं घेतल्या, आणि दिवाळीच्या आत कातडी पूर्वीसारखी झाली. गोंदण पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. ताराबाई नवं लुगडं नेसून शाळेत गेल्या आणि न विचारता उजवा हात पुढे केला.

चंपतरावांनी तो नीट पाहिला. “छान झाला,” ते म्हणाले. “अगदी साफ.” मग त्यांनी सैपाकखोलीच्या भिंतीकडे पाहिलं.

सुधाकररावांनी शिक्षण खात्यामार्फत मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, सगळ्या शाळांना पोस्टर वाटली होती. प्रयोगाचा जनतेला उपयोग व्हावा ही त्यांची तळमळ होती. वर तेलुगूत मोठ्या अक्षरांत: त्वचारोगापासून सावध. खाली दोन फोटो. एक कमर, स्वच्छ. एक हात, निळ्या कापडावर, बोटांपासून कोपरापर्यंत लाल. नियमाप्रमाणे चेहरा कुठेच नव्हता. पोस्टरवर मराठी अक्षरं तेवढी एकाच ठिकाणी होती, हातावर, आणि तेलुगू न येणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही ती लांबून वाचता येत होती. देवाजींनी गोंदणारीला ठसठशीत काढायला सांगितलं होतं.

“पोरं बघतात हो रोज,” चंपतराव म्हणाले. “जेवताना समोरच येतं. आता त्यांच्या डोक्यातून ते कसं काढणार?”

“पोस्टर काढा.”

“ते वरून आलंय, ताराबाई. मला काढता येत नाही.”

काही पोरांनी पुन्हा डबे आणायला सुरुवात केली होती म्हणे, ताराबाईंच्या नुसत्या परत येण्याच्या बातमीनं. पोटं नाजूक झाली होती.

दुपारची वेळ होती. ताराबाई गेटबाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या. आतून वास येत होता.

“गया!” त्यांनी पंगतीच्या आवाजात हाक मारली. “डाळ लागून राह्यली! खालून हालव!”

भांड्यांचा खडखडाट झाला. गयाबाई पळी घेऊन दारात आल्या, घामाघूम. “बूड पातळ हाये वो त्याचं! मीठ किती टाकू, ते बी कळेना. तू इतकी वर्सं कशी टाकत व्हती?”

“टेस्ट पाहून टाक.”

“ये ना, पाहून जा तूच...” गयाबाई बोलून गेल्या आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली. पंगतीत बसलेली पोरंही आधी भिंतीकडे, मग गेटकडे बघत होती. एक पोरगी शेजारणीला बोटानं काहीतरी दाखवत होती. पहिल्यांदा तिकडे, मग इकडे.

गयाबाईंनी पदरानं तोंडावरचा घाम पुसला. पळी घेऊन त्या आत गेल्या.

ताराबाईंनी पदर ओढून उजवा हात झाकून घेतला, बोटांपर्यंत, आणि रस्त्याला लागल्या. भिंतीवरचा हात उघडाच राहिला.